वर्गातली श्रद्धा

दिंडीत चालताना, मुक्कामाच्या पालात, सप्ताहाच्या मांडवात हल्ली एक तक्रार हमखास कानावर येते. पोरगं कॉलेजात गेलं आणि माळ खुंटीला लागली. घरात तीन पिढ्यांची वारी, आजोबांनी हरिपाठ तोंडपाठ करून घेतलेला. पण शहरात दोन वर्षं काढून पोरगं परत आलं की एकादशीला ताटावर बसतं आणि विचारलं तर नुसतं हसतं. आईबाप म्हणतात, महाराज, विद्येनं श्रद्धा खाल्ली. मग कुणी तोडगा सुचवतो की मुलांना जास्त शिकवूच नये. दुसरा म्हणतो, शिक्षण पोटासाठी आणि देव घरासाठी, दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत.

मला हे दोन्ही तोडगे पटत नाहीत. ज्या संप्रदायाचा पाया रचणाऱ्याने गीतेसारख्या ग्रंथावर मराठीत टीका रचली, त्या संप्रदायाने विद्येला भ्यावे हे शोभत नाही. आणि देव एका खोलीत कोंडून ठेवला तर ती खोली हळूहळू अडगळीची होते, हे आपण अनेक घरांत पाहतो. मग विद्या आणि श्रद्धा एकाच वर्गात, एकाच बाकावर कशा बसवायच्या? हा प्रश्न आपल्याला आज पडला आहे. पण जगात काही लोकांना तो दोनशे वर्षांपासून रोज सकाळी घंटा वाजली की पडत आला आहे. ते लोक म्हणजे ख्रिस्ती कॉलेजांतले शिक्षक.

गुडघे उभे राहू देत नाहीत, त्यामुळे कीर्तन थांबले आणि वाचन वाढले. आमच्या दिंडीतले एक माळकरी निवृत्त प्राध्यापक मला पुस्तके आणून देतात, जिथे इंग्रजी आडवे येते तिथे वाचून अर्थ सांगतात. त्यांच्याबरोबर गेली दोन वर्षं या विषयावर जे ऐकले, वाचले आणि घोळवले, ते वारकरी वाचकांपुढे ठेवतो. कुणी म्हणेल, वारकऱ्याला ख्रिस्ती कॉलेजाशी काय करायचे? शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी कसे लागले हे पाहायला जाताना आपण त्याची जात विचारत नाही. कुठे खणले, किती खणले, कुठे खडक लागला, एवढेच विचारतो.

खडक कुठे लागला ते आधी सांगतो.

स्कॉटलंडचे मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. १८३२ साली त्यांनी शाळा काढली, तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. विल्सनसाहेब मोठे व्यासंगी होते; संस्कृत, झेंद अशा भाषांचा त्यांचा अभ्यास होता आणि पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण त्यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची धारणा अशी होती की विद्या हे दार आहे आणि दारातून आत आलेला मुलगा शेवटी ख्रिस्ती व्हावा. १८३९ साली काही पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय जेमतेम बारा, मिशनऱ्यांकडे राहायला गेला. कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी बाजू घेतली, तर सनातनी मंडळींनी मुंबईत केवढे रान उठवले! एका बारा वर्षांच्या पोरावरून दोन्ही बाजूंचे विद्वान हातघाईवर आले.

या प्रकरणात दोष कुणाचा, याचा निवाडा मी करत नाही. मला त्यातून एकच गोष्ट दिसते. ज्या वर्गात शिक्षकाची नजर फळ्याच्या पलीकडे, मुलाच्या धर्मावर असते, त्या वर्गावरचा आईबापांचा विश्वास उडतो. विश्वास उडाला की विद्याही थांबते. गणित शिकवणाराही मग संशयित ठरतो.

त्यांच्यातल्याच काहींनी हे ओळखले. मद्रासमध्ये १८३७ साली अशीच एक मिशनची शाळा निघाली होती. तिथे १८६२ साली विल्यम मिलर नावाचे चोवीस वर्षांचे स्कॉटिश गृहस्थ आले आणि त्यांनी त्या शाळेचे मद्रास ख्रिश्चन कॉलेज केले. १९०७ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षं, त्यांनी त्या एका कामात आयुष्य घातले. लग्न केले नाही, पैसा साठवला नाही. दुरून येणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहे बांधली. त्यांचे म्हणणे असे होते की माझ्या वर्गातला हिंदू मुलगा हिंदू राहूनच बाहेर पडला तरी चालेल, त्याच्या विचारात ज्या चांगल्या गोष्टी मिसळायच्या त्या मिसळू देत. आम्ही जमीन तयार करतो, पीक देवाच्या हाती. त्यांना पैसा पुरवणाऱ्या मंडळींतून टीका झाली की इतका खर्च करून बाप्तिस्मे किती झाले? मिलरसाहेब आपल्या मतापासून हलले नाहीत.

मिलर शिकवत कसे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते शेक्सपिअरची नाटके शिकवत आणि त्यांवर त्यांनी पुस्तकेही लिहिली. लियर नावाचा म्हातारा राजा गोड बोलणाऱ्या दोन मुलींना राज्य वाटून देतो, खरे बोलणाऱ्या धाकटीला घालवून देतो आणि मग उघड्या माळावर पावसात वेडा होऊन फिरतो. ही कथा शिकवताना मिलर तिच्यात राज्यकर्त्याचा धर्म, बापाचा मोह आणि अहंकाराची गत दाखवत. कथेवर बायबलचे ठिगळ लावायची गरज त्यांना पडत नसे. कथेत जे मुळातच होते तेच ते उजेडात आणत. आपण कीर्तनात दृष्टांत देतो तेव्हा याहून निराळे काय करतो? चांगल्या कीर्तनकाराचा दृष्टांत अभंगाच्या पोटातून निघतो. वाईट कीर्तनकाराचा दृष्टांत बाहेरून चिकटवलेला असतो, आणि श्रोत्याला ते लगेच कळते.

आता त्याच कॉलेजातली एक हकिकत सांगतो. या सगळ्या वाचनात मला सर्वांत मोलाची वाटली ती हीच.

डॉक्टर सर्वपल्ली राधाकृष्णन यांचे नाव शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस आपण शिक्षकदिन म्हणून पाळतो. ते १८८८ साली तिरुत्तणीला जन्मले आणि घरची परिस्थिती बेताची होती. पण त्यांचे शिक्षण कुठे झाले हे फारसे कुणी सांगत नाही. तिरुपतीला लुथरन मिशनची शाळा, वेल्लोरला मिशनचेच कॉलेज आणि शेवटी मद्रासचे ख्रिश्चन कॉलेज. देवळाच्या गावात राहणारा हा ब्राह्मणाचा मुलगा कोवळ्या वयापासून मिशनऱ्यांच्याच वर्गात बसला. तत्त्वज्ञान हा विषयही त्यांनी फार विचार करून घेतला नव्हता. एक नातेवाईक मुलगा पदवीधर झाला आणि त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तके आयती मिळाली, नवी घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो विषय. पांडुरंग कुणाला कुठल्या वाटेने आणील ते सांगता येत नाही.

त्या वर्गांत हिंदू धर्मावर कडक टीका होत असे. एक आक्षेप विशेष होता. वेदांत जगाला माया म्हणतो. जगच खोटे, तर त्यातले पाप-पुण्य खरे कसे? मग दया, सत्य, परोपकार यांना वेदांतात आधार कुठला? राधाकृष्णन यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की या टीकेने त्यांचे मन दुखावले. विवेकानंदांच्या वाणीने जागा झालेला अभिमान डिवचला गेला. पण त्यांनी वर्ग सोडला नाही आणि टवाळीही केली नाही. ते मूळ ग्रंथांकडे गेले. आपल्या धर्मात जिवंत काय आणि निर्जीव काय, याचा शोध त्यांनी सुरू केला. एम.ए.साठी प्रबंध लिहायची वेळ आली तेव्हा विषय घेतला वेदांतातील नीतीचा. आक्षेप जिथून आला त्याच कॉलेजात, त्याच प्राध्यापकांपुढे, त्यांनी उत्तर मांडले. १९०८ साली तो प्रबंध छापला गेला तेव्हा त्यांचे वय वीस होते.

त्यांचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते आल्फ्रेड जॉर्ज हॉग. हेही स्कॉटिश, मिशनतर्फे १९०३ साली मद्रासला आलेले. त्यांची स्वतःची ख्रिस्तावर दृढ निष्ठा. कर्मसिद्धांतावर ते त्याच काळात टीकात्मक लेख लिहीत होते, १९०९ साली त्यांचे त्यावर पुस्तकही निघाले. म्हणजे ज्या वेदांताची बाजू शिष्याने मांडली, त्याच मताचा गुरू हा प्रतिपक्षी. राधाकृष्णन यांना धाकधूक होती की हा प्रबंध वाचून हॉगसाहेब नाराज होतील. झाले उलटे. हॉग यांनी शिफारसपत्र लिहून दिले, आणि त्यात म्हटले की या विद्यार्थ्याला प्रश्नाच्या मुख्य बाजू फार उत्तम समजल्या आहेत आणि गुंतागुंतीचा युक्तिवाद तो सहज पेलतो.

संतसज्जनहो, इथे क्षणभर थांबा. हॉग यांना गुण कापता आले असते. निदान शेरा मारता आला असता की मांडणी ठीक, पण निष्कर्ष चुकीचा. त्यांनी स्वतःची श्रद्धाही सोडली नाही आणि शिष्याच्या श्रद्धेला खालीही पाडले नाही. उत्तरपत्रिका तपासताना त्यांनी पाहिले ते एवढेच, की याने प्रामाणिकपणे विचार केला आहे की नाही. माझ्या मते ख्रिस्ती कॉलेजाच्या वर्गात ख्रिस्ती श्रद्धा सर्वांत जास्त दिसली असेल तर ती त्या शिफारसपत्रात. त्या पत्रात ख्रिस्ताचे नाव नसेल. पण ज्याला आपला देव खरा आहे याची खात्री आहे, त्यालाच विरुद्ध पक्षाला पूर्ण गुण देता येतात. ज्याची खात्री कच्ची, तो मुलाचा प्रश्न आला की छडी शोधतो.

हॉग यांना हे कसे साधले? त्यांच्या चरित्रात याचे एक कारण दिसते. तरुणपणी शिकत असताना त्यांची स्वतःची श्रद्धा पार डळमळली होती. त्या अंधारातून ते हळूहळू बाहेर आले. संशय म्हणजे काय हे त्यांनी भोगले होते, त्यामुळे दुसऱ्याचा संशय पाहून ते घाबरत नसत. त्यातूनच त्यांनी एक भेद काढला, तो ते आयुष्यभर सांगत राहिले. श्रद्धा वेगळी आणि मते वेगळी. श्रद्धा म्हणजे देवावर टाकलेला भार. मते म्हणजे त्या श्रद्धेला बुद्धीने दिलेले आकार. दोन माणसांची मते निराळी असूनही दोघांचा भार देवावरच असू शकतो. आणि मते अगदी बिनचूक असूनही एखाद्याचा भार स्वतःवरच असू शकतो. १९३८ साली जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद मद्रासजवळ तांबरम येथे भरली. कॉलेज आदल्याच वर्षी तिथल्या माळरानावर हलले होते, परिषद कॉलेजाच्याच आवारात झाली. त्या परिषदेत हेंड्रिक क्रेमर नावाच्या डच विद्वानाचे मत गाजत होते की ख्रिस्ताबाहेरच्या धर्मांत आणि ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात काही सांधा नाही. म्हाताऱ्या हॉग यांनी त्याला विरोध केला. ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या ठायीही खरी श्रद्धा असते, देव त्यालाही भेटतो, असे त्यांनी मांडले. पस्तीस वर्षं हिंदू मुलांना शिकवल्यावर त्यांना हे दिसले होते. शिक्षक शिकवत असतो तेव्हा शिकतही असतो.

यातला मतभेद बाजूला ठेवतो. क्रेमर यांच्या बाजूनेही निष्ठा होती, आणि सगळे धर्म एकच असे सरसकट म्हणून टाकणे सोपे असते. हॉग तसे म्हणत नव्हते. फरक झाकू नयेत, ते नीट दाखवावेत आणि मुलाला विचार करू द्यावा, अशीच त्यांची शिकवण्याची पद्धत होती. आपल्या शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. आळंदीला आम्ही शिकत होतो तेव्हा आमचे गुरुजी म्हणत, पूर्वपक्ष असा मांड की प्रतिपक्षी उठून म्हणाला पाहिजे, मलाही इतका चांगला मांडता आला नसता. मगच सिद्धांताकडे जा. पूर्वपक्ष लंगडा करून मांडणारा जिंकत नाही, तो फक्त आपल्या श्रोत्यांना फसवतो.

अमेरिकेतली ख्रिस्ती कॉलेजे निराळ्या घडणीची आहेत. तिथे इलिनॉय राज्यात व्हीटन नावाचे जुने कॉलेज आहे, १८६० सालचे, गुलामगिरीविरुद्ध उभे राहिलेल्या लोकांनी चालवलेले. तिथे शिक्षक आणि बहुतेक विद्यार्थी ख्रिस्तीच. शिक्षकांना दरवर्षी आपल्या श्रद्धेच्या निवेदनावर सही करावी लागते. म्हणजे आपल्याकडची माळ म्हणा ना; घातली की नेम आले. त्या कॉलेजात आर्थर होम्स नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक अनेक वर्षं होते. ख्रिस्ती कॉलेजाची कल्पना काय असावी यावर त्यांनी १९७५ साली पुस्तक लिहिले, ते तिकडे अजून वाचतात. त्यांच्यापुढे प्रश्न असा होता : सगळेच श्रद्धाळू असतील तर वर्गात वेगळे काय करायचे? तासाच्या सुरुवातीला प्रार्थना केली आणि मग रसायनशास्त्र जसे सरकारी कॉलेजात शिकवतात तसेच शिकवले, तर श्रद्धा आणि विद्या शेजारी बसल्या, पण बोलल्या नाहीत. होम्स यांचे सांगणे असे की सत्य कुठेही सापडो, ते देवाचेच आहे; म्हणून श्रद्धाळू माणसाने कुठल्याही विद्येला भिण्याचे कारण नाही, आणि कुठलीही विद्या कामचलाऊ शिकण्याचेही कारण नाही.

त्या सहीचे मला दोन्ही अंगांनी वाटते. तिने एकनिष्ठता राहते, पण मुलाला खराखुरा प्रतिपक्षी वर्गात भेटत नाही. मद्रासच्या वर्गात तो रोज भेटत होता. राधाकृष्णन घडले ते अशा वर्गात. मात्र तिथे टीकेने मन दुखावण्याचा धोका होता, आणि सगळेच काही राधाकृष्णन नसतात. दुखावलेली किती मुले गप्प बसली असतील, त्यांची नोंद कुठल्या पुस्तकात नाही. म्हणून वर्ग एकाच श्रद्धेचा असो वा अनेक श्रद्धांचा, सगळा भार शेवटी शिकवणाऱ्यावर येतो.

श्रद्धा आणि विद्येचा जोड नेमका कसा असावा, हे मला आपल्या कीर्तनातच दिसते. मागे विणेकरी उभा असतो. वीणा गळ्यात, एकच स्वर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. पखवाजवाल्याने कुठला बोल वाजवावा हे वीणा त्याला सांगत नाही. त्याने आपले शास्त्र गुरूकडून शिकलेले असते, त्यात त्याला कुणाची लुडबूड चालत नाही. टाळकऱ्यांचे पाय त्यांचे ते चालतात. पण वीणा खाली ठेवली तर? सगळे वाजत राहील आणि कीर्तन थांबलेले असेल. वर्गात श्रद्धेची जागा ही विण्याची जागा आहे. तिने गणिताला, रसायनाला, इतिहासाला आपले नियम लावू नयेत. शिकवणाऱ्याच्या सचोटीत, मुलाशी वागण्यात, निकाल देण्यात तिचा स्वर अखंड ऐकू यावा. तांबरमला एडवर्ड बार्न्स नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने त्या आवारात झाडे लावली, तिथल्या वनस्पती अभ्यासल्या. ते झाडावर बायबलचे वचन टांगत नव्हते. झाडाला झाड म्हणून नीट ओळखणे, हीच त्यांची सेवा झाली. आज तिथे सावली आहे.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. ज्ञान म्हणजे काय, तर पहिले लक्षण अमानित्व. मग दंभ नसणे, अहिंसा, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा. यात कुठेही म्हटलेले नाही की ज्ञानी माणसाला अमुक इतके ग्रंथ पाठ असावेत. माउलींना हा विषय इतका प्रिय की त्यांनी तेराव्या अध्यायाला अकराशेवर ओव्या दिल्या. माणूस कसा वागतो हेच ज्ञान, असा त्याचा रोख आहे. हॉग यांनी हा अध्याय कुठल्या दृष्टीने वाचला असेल ते असो, त्या शिफारसपत्रात अमानित्व होते असे मी म्हणतो.

आता आपल्या घरात पाहू. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. कीर्तनकार अडाणी राहिला तर संप्रदाय नुसत्या टाळ्यांवर किती दिवस चालेल? तिथे गीता, ज्ञानेश्वरी, गाथा, विचारसागर शास्त्रशुद्ध शिकवायला सुरुवात झाली. त्यांचेच शिष्य सोनोपंत दांडेकर. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. सकाळी वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि तेच मामा वारीत, कीर्तनात उभे. त्यांनी सिद्ध केलेली सार्थ ज्ञानेश्वरी अजून घराघरांत आहे. वर्गात त्यांनी कुणाला माळ घाला म्हटल्याचे मी ऐकले नाही. पण वर्गातल्या मुलांना ठाऊक होते की या माणसाच्या गळ्यात माळ आहे आणि हा माणूस कांटही तितक्याच निष्ठेने शिकवतो. ख्रिस्ती कॉलेजाने जे मोठ्या इमारतींतून साधायचा प्रयत्न केला, ते आपल्याकडे एका माणसाने साधून दाखवले. दुःख एवढेच की आपण त्यांचे नाव घेतो, वाट धरत नाही.

वाट धरत नाही असे का म्हणतो, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात, कीर्तन संपल्यावर देवळाच्या ओट्यावर मंडळी बसली होती. बी.एस्सी.ला असलेल्या एका मुलाने विचारले, महाराज, माउलींनी भिंत चालवली असे आपण सांगतो, पण पदार्थविज्ञानात मी जे शिकतो त्याच्याशी हे जुळत नाही, मी काय समजू? प्रश्न सरळ होता. तिथल्या एका जाणत्या माणसाने चारचौघांत त्याला सुनावले, माळकऱ्याचं पोर असून नास्तिकासारखं बोलतोस, तुझ्या कॉलेजानंच वाटोळं केलं. मी पुढच्या मुक्कामाला निघून गेलो होतो. ही हकिकत मला त्याच्या वडिलांनी पुढच्या आषाढीत सांगितली. ते एकटेच चालत होते. मुलगा आला नाही, त्यानंतरही आला नाही. आता सांगा, त्या मुलाला देवळातून कॉलेजाने काढले की ओट्याने?

मी हॉगसाहेबांच्या त्या पत्राचा विचार करतो तेव्हा हा ओटा मला आठवतो. तिथे काय उत्तर देता आले असते? आधी म्हणायचे, बाळ, तू विचारलेस ते योग्य आहे. तुझे शास्त्र तू खरे शिकला आहेस. मग सांगायचे की माझी श्रद्धा अशी आहे की माउलींना अशक्य काही नाही, पण ती तू माझ्याकडून उसनी घे असे मी म्हणत नाही. आणि मग त्याला कथेत न्यायचे. चांगदेव आले कसे? वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन, चौदाशे वर्षांच्या तपाचा भार डोक्यावर घेऊन. आधी कोरे पत्र धाडले होते, कारण वडील लिहावे की धाकटे हेच ठरेना. त्या कोऱ्या पत्राला माउलींनी पासष्ट ओव्यांत उत्तर दिले. भिंतीचे राहू दे तुझ्याजवळ, प्रश्न म्हणून जपून ठेव; पण उद्या सकाळी ये, त्या पासष्ट ओव्या आपण दोघे वाचू. तुझी बुद्धी तिथे लाव, हवी तितकी लाव. एवढे झाले असते तर तो मुलगा कदाचित दुसऱ्या दिवशी आला असता. न येताही गेला असता. पण जाताना देवळाचे दार उघडे पाहून गेला असता.

गीतेने ज्ञान मिळवायची वाट सांगताना प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध परिप्रश्न ठेवला आहे. आपण प्रणिपात शिकवतो, सेवाही शिकवतो, मधले गाळतो. मुलाने पाया पडावे, टाळ धरावा, पंगतीत वाढावे, आणि विचारू मात्र नये! मग तो प्रश्न घेऊन दुसरीकडे जातो, आणि तिथे जे उत्तर मिळेल ते घेतो.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. वारकरी घरातले जे शाळा-कॉलेजांत शिक्षक आहेत, त्यांनी वर्गात प्रवचन करू नये. आपला विषय चोख शिकवावा, तपासणीत पक्षपात करू नये, ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्या मुलालाही त्याचे हक्काचे गुण द्यावेत, आणि गळ्यातली माळ सदऱ्याखाली लपवू नये. मुले पाहत असतात. दुसरी विनंती कीर्तनकारांना. सप्ताहात एक वेळ तरुणांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. उत्तर येत नसेल तर मला येत नाही म्हणा; त्याने व्यासपीठ हलत नाही. तिसरी आईबापांना. मूल हसले म्हणून रागावू नका. ते हसते तेव्हा बहुधा त्याच्या पोटात एक प्रश्न असतो आणि तो कुणापुढे काढावा हे त्याला कळत नसते. त्याला जवळ बसवा. तुम्हाला शास्त्र येत नसेल तर नुसते ऐकून घ्या. ऐकणे हे भक्तीत पहिले आहे.

विठुरायाच्या दारात आजवर कुणाची विद्या अडली नाही आणि कुणाचे अज्ञानही अडले नाही. मद्रासच्या त्या वर्गात एक ख्रिस्ती शिक्षक आणि एक हिंदू विद्यार्थी यांच्यात जो सचोटीचा व्यवहार झाला, तो तिथे शक्य झाला, तर एकाच माळेच्या बापलेकांत का होऊ नये? पांडुरंगाने आपल्या सगळ्या शिकवणाऱ्यांना तेवढे मोठे मन द्यावे, एवढेच मागणे.

रामकृष्णहरी.